कल्पित जर्मॅनिक भाषा घडवताना 'ळ' आणि 'ण' कुठून आणायचे?

गोदाकाठ (नांदेड)

बाल्टिक समुद्रात गोटलंड आणि लाटव्हिया यांच्या मधे एक कल्पित बेट धरलंय. इ.स. ४००च्या सुमारास जर्मॅनिक बोलणारी माणसं तिथं गेली आणि त्यांची बोली वेगळी वाढत गेली, एवढं पक्कं आहे. भाषेत ट, ड, ण, ळ हवेत, आणि तरीही ती ऐकताना जर्मन, स्वीडिश, इंग्रजीची सख्खी बहीण वाटली पाहिजे.

शब्द संस्कृतवरून ग्रिमच्या नियमाने, म्हणजे जुनी व्यंजनं जर्मॅनिकमध्ये कशी सरकली ते सांगणाऱ्या नियमाने काढले. भ→ब, ब→प, प→फ़, तसंच त आणि क या वर्गांत. स्प्रेडशीटमध्ये शोधा-बदला लावून आलेले शब्द असे:

पितृ → फ़िथ़र
भ्रातृ → फ़्रोथ़र
बन्ध् → फ़िन्थ़
अष्ट → अख़्थ़
काल → हाळ

फ़, थ़, ख़, ज़ हे सगळे घासून उच्चारायचे, आपले फ, थ, ख, ज नव्हेत. फ़्रोथ़र नक्की चुकलाय, पण नेमकं काय चुकायलंय ते सापडेना. बाकीचे बरोबर आहेत का?

मांजरा (लातूर)

पाचही चुकलेत, आणि प्रत्येकाचं कारण वेगळं आहे. त्यामुळे एकेक बघू.

फ़्रोथ़र: हा क्रमाचा दोष. तुम्ही आधी भ→ब केलं, मग ब→प, मग प→फ़. त्यामुळे तो एकच भ तिन्ही पायऱ्या चढून गेला. साखळी वरच्या टोकाने सोडायची: आधी प→फ़, मग ब→प, शेवटी भ→ब. जागा रिकामी झाल्यावरच मागचा पुढे सरकतो. त→थ़, द→त, ध→द आणि क→ख़, ग→क, घ→ग या रांगांतही तेच. शब्दाच्या सुरुवातीचा ख़ पुढे बहुतेक ठिकाणी ह झाला.

फ़िन्थ़: क्रम सुधारला तरी पिन्द येईल, पण संस्कृतचा ब हा मुळातला ब नाही. एका शब्दात लागोपाठ दोन महाप्राण आले की संस्कृतने पहिल्याचा प्राण काढून टाकला. मूळ भन्ध्-सारखं होतं. हा नियम ग्रासमानने १८६३ साली दाखवला. जर्मॅनिकमध्ये भ→ब, म्हणून बिन्द. इंग्रजी बाइंड, जर्मन बिंडेन. बुध् धातूचंही हेच आहे, गॉथिकमध्ये, म्हणजे आज न उरलेल्या एका जुन्या जर्मॅनिक भाषेत, तो बिउदन आहे.

अष्ट: जोडव्यंजनात पहिलंच सरकतं. मुळात क्त होतं, त्यातला क सरकला, त तसाच राहिला. गॉथिक अख़्तौ, जर्मन आख़्त. प्त मध्येही फ़्त होतं. आणि स्प, स्त, स्क हे तर अजिबात हलत नाहीत: अस्ति, जर्मन इस्त.

फ़िथ़र: इथे व्हर्नरचा आघाताचा नियम लागतो. वेदांत पिता शब्दाचा आघात शेवटच्या स्वरावर आहे, भ्राता शब्दाचा पहिल्यावर. आघात लगेच आधीच्या स्वरावर नसेल तर थ़ चा घोष होऊन द होतो. म्हणून गॉथिकमध्ये फ़दर आणि ब्रोथ़र. ग्रिमने नियम १८२२ साली मांडला, त्याआधी १८१८मध्ये डॅनिश भाषाशास्त्रज्ञ रास्कने बराचसा पाहिला होता, पण हे 'अपवाद' १८७५पर्यंत कोणालाच उलगडले नव्हते. व्हर्नरने वैदिक आघात लावून पाहिले आणि कुलूप उघडलं. स मध्येही तेच: वेदांत स्नुषा अंत्याघाती, म्हणून स→ज़→र, जुन्या इंग्रजीत स्नोरू. आपली सून तीच.

काल: या शब्दाचा जर्मॅनिक भाऊबंदच नाही. ज्या शब्दाचं जर्मॅनिक रूप माहीत नाही तो शब्द घ्यायचाच नाही.

दुधना (परभणी)

यावर एक मूलभूत गोष्ट. सुरुवात संस्कृतपासून करूच नका. संस्कृतने ए, ओ, अ हे तीन ऱ्हस्व स्वर एका अ मध्ये मिसळले. भर् मधला अ मुळात ए आहे की ओ, हे संस्कृत सांगत नाही; इंग्रजी बेअर आणि गॉथिक बेरा सांगतात. व्यंजनांतही श, ज, ह, च यांच्यामागे जुने क, ग, घ दडलेले आहेत. शत आणि गॉथिक हुन्द, दश आणि तेहुन, हंस आणि जर्मन गान्स. संस्कृत पडताळ्यासाठी ठेवा, पाया म्हणून आद्य-जर्मॅनिकची, म्हणजे सगळ्या जर्मॅनिक भाषांच्या आईची, पुनर्रचित रूपं घ्या. ग्रिम आणि व्हर्नर तिथे आधीच लागून झालेले असतात, म्हणजे तुमचं निम्मं काम वाचतं.

आणि बेटाची तारीख ४०० आहे, तर एक फार मोलाचा पुरावा तुमच्या हातात आहे. डेन्मार्कमधल्या गालेहुसच्या लहान सोन्याच्या शिंगावरचा रून लिपीतला (जुन्या जर्मॅनिक लोकांची लिपी) लेख साधारण त्याच काळातला. शिंग १७३४ साली सापडलं, १८०२मध्ये चोरून वितळवलं, पण लेखाची नक्कल उरली:

एक ह्लेवगस्तिज़ होल्तियज़ होर्न तविदो

'मी, ह्लेवगस्ति होल्तिय, याने शिंग घडवलं.' यात दोन गोष्टी बघा. शब्दाच्या शेवटचा ज़ अजून शाबूत आहे. आणि होर्न मध्ये ओ आहे, मूळ उ नाही. म्हणजे पुढच्या अक्षरात अ असला की उ चा ओ होणं तोवर घडून गेलेलं. तुमच्या भाषेत उ चा ओ होणं या शिंगाच्या आधी आणि शेवटचा ज़ गळणं त्याच्या नंतर बसतं.

गोदाकाठ

मनापासून आभार. गालेहुसचं शिंग आता भाषेच्या पायाला. पण मग ट, ड, ण, ळ? आद्य-जर्मॅनिकमध्ये एकही मूर्धन्य नाही. वरून चिकटवायचे का?

खाम (छत्रपती संभाजीनगर)

चिकटवायचे नाहीत, पिकवायचे. ध्वनी निवडायचे नसतात, बदल निवडायचे असतात; ध्वनी त्यातून आपोआप पडतात. सगळ्या कल्पित भाषांच्या धाग्यांवर हीच एक गोष्ट राहून जाते. ध्वनींची छान यादी असते, पण प्रत्येक ध्वनी कुठून आला, कोणत्या जागी येतो आणि कोणत्या जागी येत नाही, याला उत्तर नसतं.

आणि मूर्धन्य जर्मॅनिकमध्ये परके नाहीत. स्वीडिश आणि पूर्वेकडच्या नॉर्वेजियनमध्ये र नंतर त, द, न, स आले की दोन्ही मिळून ट, ड, ण, ष होतात. बार्न, म्हणजे मूल, याचा उच्चार ऐका, स्पष्ट ण आहे. पूर्व नॉर्वेच्या बोलींत 'जाड ल' आहे, जीभ मागे वळवून पुढे आपटलेला, आपल्या ळ च्या अगदी शेजारचा.

हेच आपल्याकडे दोन हजारांहून जास्त वर्षांपूर्वी, प्राकृतांत झालेलं आहे: वर्त्म → वाट, वर्ध् → वाढ, सार्ध → साडे. र गेला आणि जाता जाता शेजाऱ्याला मूर्धन्य करून गेला.

एक अट मात्र पाळायची. र जिभेच्या टोकाचाच हवा. दक्षिण स्वीडनमध्ये आणि नॉर्वेत बर्गनकडे र घशातून येतो, आणि तिथे ट, ड, ण तयार होत नाहीत. बेटावर जर्मन-फ्रेंच धाटणीचा घशातला र ठेवला तर मूर्धन्य विसरा.

आता ळ. मराठीचा स्वतःचा नियम उचला, तो फार सुंदर आहे. दोन स्वरांमधला एकटा ल → ळ, पण द्वित्त ल्ल → साधा ल. काल (वेळ या अर्थी) → काळ. कल्य → कल्ल → काल, म्हणजे होऊन गेलेला दिवस. न चंही असंच: पानीय → पाणी, पण पर्ण → पण्ण → पान. जर्मॅनिकच्या पश्चिम शाखेत य च्या आधीचं व्यंजन दुप्पट होतं. ते आधी होऊ द्या, मग ळ चा नियम लावा. एकाच धातूच्या नामात ळ आणि क्रियापदात ल येईल, आणि ती भाषा एकदम खरी वाटायला लागेल.

मांजरा

खाम यांनी दाखवलेल्या वाटेने क्रम मांडतो. स्प्रेडशीटमध्ये एका नियमाला एक उभा रकाना द्या. शेवटचं रूप एकदम काढू नका; मधली रूपं दिसली नाहीत तर चूक कुठे शिरली ते कळत नाही.

१. पुढच्या अक्षरात अ असेल तर उ→ओ (मधे न्+व्यंजन नसेल तर)
२. शब्दाच्या शेवटचा ज़ गळतो
३. शेवटचा ओ→उ, शेवटचा अनुनासिक अं→अ
४. उरलेला ज़→र
५. ऱ्हस्व स्वरानंतर आणि य च्या आधी व्यंजन दुप्पट, र सोडून
६. पुढे इ किंवा य असेल तर अ→ए, ऊ→ई, दीर्घ ओ→दीर्घ ए
७. पुढे उ असेल तर अ→ओ
८. य आणि शेवटचे ऱ्हस्व अ, इ, उ गळतात
९. थ़→त
१०. र्त, र्द, र्न, र्स → ट, ड, ण, ष. स्वरानंतरचा एकटा ल→ळ
११. ल्ल→ल

सहाव्या नियमात मधे ओठ गोल केलेले स्वर येऊन गेले असं धरायचं. जर्मनने ते जपले, इंग्रजीने सपाट केले: मूस, अनेकवचन म्यूस, मग मीस, त्यातून आजचं माइस.

काही शब्द पूर्ण चालवून:

रज़्दो (गॉथिक रज़्द, म्हणजे वाणी, भाषा; पहिला स्वर ऱ्हस्व) → रज़्दु → रर्दु → रोर्दु → रोर्द → रोड. भाषेचं नाव हेच ठेवा.

बर्नं → बर्न → बण, मूल. अनेकवचन बर्नो → बर्नु → बोर्नु → बोर्न → बोण.

थ़ुर्नुज़ → थ़ुर्नु → थ़ुर्न → तुर्न → तुण, काटा. संस्कृत तृण याच कुळातला, आणि आपल्या रानातलं तण त्यातूनच.

कुर्नं → कोर्नं → कोर्न → कोण, धान्य. तुण मध्ये उ राहिला आणि कोण मध्ये ओ आला, कारण तिकडे पुढे उ होता, इकडे अ.

तलो → तलु → तोलु → तोल → तोळ, मोजणी. तल्यनं (मोजणे) → तल्ल्यन → तेल्ल्यन → तेल्लन → तेलन. नामात ळ, क्रियापदात ल, खाम म्हणाले तसंच.

हुज़्दं (ठेवा, धन) → होज़्दं → होर्द → होड.

आता क्रम बिघडवून बघा. दहावा नियम चौथ्याच्या आधी लावला तर रज़्दोमध्ये द च्या आधी तोवर र च नाही, त्यामुळे रोड ऐवजी रोर्द उरतो. आठवा सहाव्याच्या आधी लावला तर इ आधीच गळून गेलेला, आणि मूसचं अनेकवचनही मूसच. सहावा-आठवा हा क्रम सगळ्यांत जास्त वेळा चुकतो.

बालाघाटी (बीड)

नियमाला 'अट' असते म्हणजे काय हे समजायला लई लांब जायची गरज नाही. आपल्या गावांत विचार → इचार, विळा → इळा, वेळ → येळ, विहीर → हीर. पण वारा, वाट, वड यांना कुणी हात लावत नाही. व फक्त इ-ए च्या आधी ढिला पडतो, कारण य-इ आणि व यांची तोंडातली जागा एकमेकांशी पटत नाही.

जुन्या नॉर्सने, म्हणजे स्कँडिनेव्हियाच्या जुन्या भाषेने, याच्या बरोबर उलटं केलं. तिथे व गोल स्वरांच्या आधी गळला: वुल्फ़ज़ → उल्फ़्र, वोर्द → ओर्द़, वोदन → ओदिन. कारण व आणि उ-ओ एकमेकांत विरघळतात. दोन्हीकडे बदल सरसकट नाही, जागा बघून आहे. रोडमध्येही व कधी गळतो ते लिहून ठेवा. काहीच लिहिलं नाही तर तो सगळीकडे आहे असं वाचणारा धरतो.

दुसरं, गावांची नावं शेवटी करा आणि ती जास्त झिजवा. नगर → नअर → नेर. आमच्याकडचं पिंपळनेर बघा, त्या नेर मध्ये नगर कुणाला ऐकू येतं? इंग्रजीतलं -हॅम म्हणजे हैमज़, वस्ती, तिथेही तेच. जोडनावातला दुसरा भाग आघात नसलेला असतो, म्हणून सुटा शब्द आणि नावातला शब्द यांची झीज सारखी धरायची नाही. बेटावर सुट्या शब्दात हाइम, नावांच्या शेवटी नुसतं -अम चालेल.

गोदाकाठ

सगळे नियम लावून ६० शब्द केले. अडलेले तीन:

नज़्यनं (वाचवणे) → नेर्रन
फ़ुल्लज़ (भरलेलं) → फ़ोल
ब्रोथ़ेर, फ़देर → ब्रोतर, फ़दर

तिसऱ्यात एकाला त, दुसऱ्याला द. कानाला बरं वाटेना. दोन्हीकडे द करू का?

मांजरा

नेर्रन: पाचवा नियम चौथ्याच्या आधी लावलात. आधी ज़ चा र होऊ द्या. र दुप्पट होत नाही. नर्यन → नेर्यन → नेरन. जुन्या इंग्रजीत नेरियन, एकच र.

फ़ोल: नियमाने बरोबर. पण इंग्रजीत फुल, वुल, वुल्फ या शब्दांत उ टिकला, कारण तो ओठांचं व्यंजन आणि ल यांच्या मधे अडकला होता. तोच उपनियम पहिल्या नियमाखाली लिहा: 'प, फ़, ब, व आणि ल यांच्या मधे नाही.' मग फ़ुल. लिहिलेला उपनियम चालतो, मनात ठेवलेला अपवाद चालत नाही. शिवाय फ़ुल मधला ल्ल मुळात ल्न होता, म्हणून संस्कृतमध्ये पूर्ण, ऊर्णा. जर्मॅनिकमध्ये फ़ुल, वुल. ल्ल असल्याने इथे ळ येत नाही हेही जुळलं.

ब्रोतर-फ़दर: अजिबात हात लावू नका! तो फरक म्हणजे वैदिक आघाताची खूण आहे, दोन-अडीच हजार वर्षं टिकलेली. जर्मनमध्ये आजही ती दिसते: ब्रूडर मध्ये ड, फाटर मध्ये ट. तुमच्याकडे बाजू उलट पडली, पण फरक जिवंत राहिला.

दुधना

उसन्या शब्दांचं राहिलं. ते कधी आले त्यावर कोणते नियम लागतील ते ठरतं. लॅटिन स्त्राता → जर्मन श्ट्रासे. त चा स झालाय, म्हणजे शब्द जर्मनचा व्यंजनबदल व्हायच्या आधी आत आला होता. आपल्याकडे हात आणि हस्त, आग आणि अग्नी शेजारी नांदतात तसंच. निजामी अमलातून आलेले फारसी शब्दही बघा: जमीन, हजार यांत दंत्य ज, पण जिल्हा मध्ये तालव्य, कारण पुढे इ. मूळ ध्वनी एकच, आपल्या गाळणीतून दोन निघाले.

बेटासाठी तीन थर पुरतात. आठव्या नियमाच्या आधीचे लॅटिन शब्द, त्यांना आठव्यापासून पुढचं सगळं लागेल. मधल्या काळात व्यापारातून आलेले उत्तर जर्मन शब्द, त्यांना फक्त दहावा आणि अकरावा. अलीकडचे, त्यांना काहीच नाही. त्यामुळे त्यांत स्वरानंतरही ल येईल, र्न येईल, आणि वाचणाऱ्याला शब्द परका असल्याचं लगेच कळेल.

उलट बाजूही विसरू नका. फिनिशमध्ये कुनिंगस (राजा), रेंगस (कडं) हे जर्मॅनिक शब्द शेवटच्या स सकट गोठून राहिलेत. शेजारच्या भाषेत रोडचे दहा-बारा जुने शब्द असे ठेवले तर भाषेला इतिहास येतो.

खाम

वाचताना मराठी तोंड तीन ठिकाणी घसरतं, म्हणून उच्चाराच्या सूचना भाषेसोबतच द्या.

आघात धातूच्या पहिल्या अक्षरावर, जोरात. मराठीत आघाताने अर्थ बदलत नाही, त्यामुळे आपण सगळी अक्षरं जवळपास सारखी म्हणतो. तसं केलं तर शेवटचे स्वर का गळले हेच पटत नाही.

ऱ्हस्व-दीर्घ खरोखर वेगळे. मराठीत लिहिताना फरक असतो, बोलताना पुष्कळदा नसतो. रोडमध्ये दीर्घ स्वर जवळपास दुप्पट लांब ठेवा. बोण मधला ओ ऱ्हस्व, स्तोळ (खुर्ची, मूळ स्तोलज़) मधला दीर्घ. लिपीत दोन्ही सारखेच दिसतात, म्हणून दीर्घापुढे विसर्गासारखी खूण करा. अ ला आपल्या अ पेक्षा तोंड जास्त उघडायचं.

प, त, क ना प्राण द्यायचा की नाही? इंग्रजी, जर्मन, स्वीडिश देतात. डच देत नाही. डचची वाट घ्या, आपल्या तोंडाला सोपी आणि जर्मॅनिकमध्ये पूर्ण वैध.

मूर्धन्य शब्दांच्या सीमेवरही होऊ द्या. स्वीडिशमध्ये र ने संपणाऱ्या शब्दापुढे द, स ने सुरू होणारा आला तरी ड, ष होतात. रोडमध्ये फ़दर + दग लगट बोलताना फ़दडग. एवढ्या एका नियमाने वाक्य वाहतं.

गोदाकाठ

बण-बोण सारख्या जोड्या किती ठेवू? नियमाने अ असलेल्या सगळ्या नपुंसक नामांत येणार: दळ-दोळ (दरी) वगैरे.

मांजरा

नियमाने सगळ्यांत येऊ द्या, मग बोलणाऱ्यांनी काय सरळ केलं ते ठरवा. रोज तोंडात असणारे शब्द वाकडे राहतात, कमी वापराचे सरळ होतात. जुन्या इंग्रजीत पुस्तक बोक, पुस्तकं बेच. त्याचं बुक्स झालं, पण फूट-फीट टिकलं. बण-बोण ठेवा. दळचं अनेकवचन आता दळच, आणि दोळ फक्त जुन्या गाण्यांत आणि दोन-चार गावांच्या नावांत. स्वादेशची (भाषांच्या तुलनेसाठी केलेली) २०७ मूलभूत शब्दांची यादी आधी पूर्ण करा, कोणते रोजचे आणि कोणते कधीमधीचे ते तिथेच निवडता येईल.